घाम खोटा, मेंदू खरा? इतकं सोपं नाही

भारतात एखादा मोठा गुन्हा घडला की आठ-दहा दिवसांत एक बातमी ठरलेली असते: आरोपीची पॉलिग्राफ आणि 'ब्रेन मॅपिंग' चाचणी होणार. ती बातमी तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येत असेल. खाली कुणीतरी लिहितं, 'आता बरोबर सापडेल.' मग ग्रुपवरचे एखादे जाणकार सांगतात की पॉलिग्राफ हे जुनं खेळणं आहे, त्याला कुणीही फसवू शकतं. पण मेंदूला खोटं बोलता येत नाही, तिथे लहरी मोजल्या की संपलं.

या जाणकारांचं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. दुसरं वाक्य मात्र मला धोकादायक वाटतं, आणि हा लेख त्या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. मेंदूच्या लहरींवर आधारलेली चाचणी पॉलिग्राफपेक्षा चांगली असू शकते, हे मला मान्य आहे. पण ती मेंदू मोजते म्हणून चांगली नाही. तिच्यात प्रश्न विचारायची रीत वेगळी आहे, म्हणून ती चांगली आहे. ही रीत सोडली आणि नुसती इलेक्ट्रोडची टोपी ठेवली, तर हाती काय लागतं ते २००८ साली पुण्यात दिसलं. तिथपर्यंत जायला आधी थोडं मागे जावं लागेल.

पॉलिग्राफ काय मोजतं? श्वास, रक्तदाब, नाडी आणि तळहाताला सुटणारा घाम. घामामुळे त्वचेतून वीज जास्त सहज वाहते, एवढाच त्यातला भाग. यातली एकही गोष्ट 'खोटं' मोजत नाही. सगळ्या मिळून मोजतात ती शरीराची खळबळ. आपल्याकडे म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणं; पॉलिग्राफ हे त्या म्हणीचं यंत्र आहे. पण आपल्याकडे भित्यापाठी ब्रह्मराक्षस हीसुद्धा म्हण आहे. घाम दोघांनाही फुटतो, आणि यंत्राला त्यातला फरक कळत नाही.

परीक्षकांना ही अडचण माहीत होती, म्हणून त्यांनी तुलनेचा प्रश्न काढला. 'त्या रात्री तिजोरी तुम्ही फोडलीत का?' या प्रश्नाशेजारी 'तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला तुम्ही आयुष्यात कधी फसवलंय का?' असा एक प्रश्न ठेवायचा. गृहीत असं की निरपराध माणूस दुसऱ्या प्रश्नाने जास्त अस्वस्थ होईल आणि गुन्हेगार पहिल्याने. आता तुम्हीच स्वतःला त्या खुर्चीत बसवून बघा. खुनाचा आरोप डोक्यावर आहे, तुम्ही काहीही केलेलं नाही, आणि समोरचा माणूस खुनाबद्दल विचारतोय. तुमचं हृदय जोरात धडधडेल ते खुनाच्या प्रश्नाला, की लहानपणी मित्राला फसवलं होतं त्या आठवणीने?

अमेरिकेतली न्यायालयं याबाबत सुरुवातीपासून सावध राहिली. १९२३ च्या फ्राय खटल्यात रक्तदाबावर आधारलेला असा पुरावा नाकारला गेला, आणि नव्या वैज्ञानिक पुराव्याला त्या क्षेत्रातल्या लोकांची सर्वसाधारण मान्यता हवी, ही कसोटी तिथूनच आली. ज्यांची चाचणी त्या वेळी नाकारली गेली ते मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांनी पुढे 'वंडर वुमन' हे कॉमिक्समधलं पात्र निर्माण केलं. तिच्या सोन्याच्या दोरखंडात जो सापडतो त्याला खरं बोलावंच लागतं. न्यायालयात जमलं नाही ते कॉमिक्समध्ये जमवलं म्हणायचं! आजही इथल्या बहुतेक राज्यांत पॉलिग्राफचा निकाल पुरावा म्हणून सहजी चालत नाही. न्यू मेक्सिको हा ठळक अपवाद. खासगी कंपन्यांनी नोकरीसाठी पॉलिग्राफ घेण्यावर १९८८ च्या कायद्याने मोठी बंधनं घातली. सरकारी खात्यांना मात्र त्या कायद्यातून सूट आहे, आणि गुप्तचर संस्था व संवेदनशील सरकारी नोकऱ्या यांत पॉलिग्राफ अजून जोरात चालू आहे.

तुमच्यापैकी कुणाची मुलं इथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळांमध्ये काम करत असतील, तर वेन हो ली यांची हकिगत माहीत असायला हवी. तैवानमध्ये जन्मलेले, अमेरिकी नागरिक झालेले हे शास्त्रज्ञ लॉस अलामॉसला होते. चीनला अण्वस्त्रांची गुपितं दिल्याच्या संशयावरून डिसेंबर १९९८ मध्ये त्यांची पॉलिग्राफ चाचणी झाली. परीक्षकांनी त्यांना उत्तीर्ण ठरवलं. नंतर तेच आलेख दुसऱ्यांनी पाहिले आणि अर्थ उलटा लावला. २००० साली ५९ पैकी एका आरोपाची कबुली घेऊन बाकीचे सोडून दिले गेले, तोवर त्यांनी नऊ महिने एकांत कोठडीत काढले होते. खटल्याच्या न्यायाधीशांनी भर कोर्टात त्यांची माफी मागितली. उलट बाजूला आल्ड्रिच एम्स हा सीआयएचा अधिकारी रशियनांना माहिती विकत असताना १९८६ आणि १९९१ अशा दोन पॉलिग्राफ चाचण्या पार करून गेला.

ऊर्जा खात्याच्या प्रयोगशाळांमधल्या या वादानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये मोठा अहवाल काढला. त्यातलं एक गणित मला फार आवडतं, कारण ते कुणालाही कागदावर करता येतं. समजा दहा हजार कर्मचारी आहेत आणि त्यात दहा हेर आहेत. दहापैकी आठ हेर पकडले जातील इतकी चाचणी कडक केली, तर एकूण सुमारे १६०० लोक नापास होतील. त्यातले आठ हेर, बाकी जवळपास सगळे निरपराध. आणि दोन हेर उत्तीर्ण होऊन घरी जातील.

तर पॉलिग्राफबद्दल ग्रुपवरचे जाणकार बरोबर आहेत. पण दोष घामाचा आहे का?

मिनेसोटा विद्यापीठातले डेव्हिड लिक्केन यांनी १९५९ मध्ये याचं उत्तर दिलं, आणि या विषयातली सगळ्यात हुशार कल्पना माझ्या मते तीच आहे. त्यांनी यंत्र बदललं नाही, प्रश्न बदलला. 'तू केलंस का?' हे विचारायचंच नाही. त्याऐवजी फक्त गुन्हेगाराला ठाऊक असेल अशी गोष्ट घ्यायची आणि ती तितक्याच पटण्याजोग्या चुकीच्या पर्यायांमध्ये लपवायची. चोरीला काय गेलं? अंगठी? घड्याळ? साखळी? ब्रेसलेट? कानातले? ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी पाचही शब्द सारखेच. तो घाबरलेला असेल तर पाचही शब्दांना सारखाच घाबरेल. ज्याला माहीत आहे त्याचं शरीर मात्र एका शब्दाला दचकतं, तोंडाने तो काहीही म्हणो.

यात निरपराध माणसाचं संरक्षण आकड्यात मांडता येतं. माहिती नसलेल्या माणसाने पाचांपैकी नेमक्या खऱ्या पर्यायाला सर्वांत मोठा प्रतिसाद देण्याची शक्यता पाचात एक. असे सहा स्वतंत्र प्रश्न विचारले आणि सहाही वेळा तसंच झालं, तर तो योगायोग असण्याची शक्यता १५,६२५ मध्ये एक. पारंपरिक पॉलिग्राफमध्ये असं गणित करताच येत नाही, कारण भित्र्या निरपराध माणसाला कोणत्या प्रश्नाने किती घाम फुटेल याचा काही नियम नाही. जपानी पोलिसांनी ही पद्धत कधीच उचलली. तिथे वर्षाला हजारो चाचण्या अशा होतात, आणि त्या जुन्याच श्वास-नाडी-घामाच्या यंत्रावर होतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मेंदूकडे येऊ.

तुम्ही नेवार्क विमानतळावर गेटजवळ बसला आहात. चारी बाजूंनी इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, कशाकडेच तुमचं लक्ष नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणतं, 'अगं, पासपोर्ट पर्समध्येच आहे ना?' मान वळतेच. ठरवून वळवत नाही आपण. ओळखीची, अर्थ असलेली आणि क्वचित येणारी गोष्ट समोर आली, की मेंदूत एक ठरावीक विद्युत लाट उठते. उत्तेजन मिळाल्यापासून साधारण ३०० मिलिसेकंदांनी किंवा त्यानंतर थोड्या वेळात ती दिसते, म्हणून तिला पी-३०० म्हणतात. सॅम्युएल सटन आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये तिची नोंद केली. कवटीबाहेर पोचेपर्यंत ती व्होल्टच्या काही दशलक्षांश भागाइतकी क्षीण होते आणि मेंदूच्या बाकीच्या गोंगाटात बुडून जाते. त्यामुळे तोच शब्द पुन्हा पुन्हा दाखवायचा आणि सगळ्या नोंदींची सरासरी काढायची. गोंगाट एकमेकांना खोडून काढतो आणि लाट वर येते.

लिक्केन यांची कल्पना आणि ही लाट यांचं लग्न लावणं ओघाने आलंच. १९८० च्या दशकात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या पीटर रोझेनफेल्ड यांनी आणि इलिनॉयमधल्या इमॅन्युएल डोंचिन व लॉरेन्स फारवेल यांनी ते स्वतंत्रपणे केलं. (डोंचिन-फारवेल जोडीने हीच लाट वापरून, हातपाय हलवता न येणाऱ्या रुग्णांना पडद्यावर एकेक अक्षर निवडून लिहिता येईल अशी पद्धतही १९८८ मध्ये मांडली. माझ्या मते पी-३०० चा तो सगळ्यात सुंदर उपयोग, पण त्याच्या बातम्या कमी होतात.) चाचणीत पडद्यावर शब्द भराभर येतात. बहुतेक निरर्थक पर्याय, अधूनमधून खरा तपशील, आणि त्याशिवाय एक 'लक्ष्य' शब्द, जो दिसला की बटण दाबायचं असतं. लक्ष्य शब्द असतो तो माणूस झोपा काढत नाही ना हे बघायला. खऱ्या तपशिलाला उठलेली लाट निरर्थक पर्यायांच्या लाटेपेक्षा स्पष्टपणे मोठी असेल, तर हा तपशील या माणसाच्या ओळखीचा आहे.

ओळखीचा आहे. बस्स, एवढंच. त्याने गुन्हा केला, असं ही लाट म्हणत नाही; तो खोटं बोलतोय, असंही म्हणत नाही. माहिती कुठून आली हे लाटेला ठाऊक नसतं. गुन्हा केला म्हणून ठाऊक असेल, पाहिला म्हणून असेल, पेपरात वाचलं म्हणून असेल, किंवा काल रात्री चौकशी करणारा हवालदारच ओरडून सांगत होता म्हणूनही असेल.

प्रयोगशाळेत ही पद्धत चांगली चालते, यात मला शंका नाही. २०१४ मध्ये जॉन माइक्सनर आणि रोझेनफेल्ड यांनी केलेला प्रयोग मला विशेष पटला. विद्यार्थ्यांच्या अंगावर काही तास कॅमेरा लावला आणि त्यांना त्यांच्या नेहमीच्या दिनक्रमाला सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी त्या चित्रीकरणातले तपशील शब्दांत मांडून काहींना त्यांचेच दाखवले, काहींना दुसऱ्याचे. लहरींवरून दोन्ही गट पूर्णपणे वेगळे ओळखता आले. म्हणजे मुद्दाम पाठ न केलेली, सहज घडून गेलेली गोष्टही ओळखीची खूण सोडते. पण ती विद्यार्थ्यांची कालची आठवण होती. दारूच्या नशेत, अंधारात, सात वर्षांपूर्वी घडलेल्या मारामारीची नव्हती.

आणि मेंदूला फसवता येत नाही, हे तर सरळसरळ चूक आहे. रोझेनफेल्ड यांनीच २००४ मध्ये ते दाखवलं. त्यांनी विद्यार्थ्यांना एक साधी युक्ती शिकवली: निरर्थक शब्द आले की त्यांनाही मनातल्या मनात काहीतरी अर्थ द्या, बुटाच्या आत पायाचा अंगठा हलवा, बोट हळूच दाबा. निरर्थक शब्द असे 'महत्त्वाचे' झाले की त्यांनाही लाट उठते आणि खऱ्या तपशिलाचं वेगळेपण पुसलं जातं. एका पद्धतीत 'दोषी' विद्यार्थी पकडले जाण्याचं प्रमाण ८२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलं. पायाच्या अंगठ्याने! त्यानंतर रोझेनफेल्ड यांनी अशा युक्त्यांना तोंड देणारी अधिक मजबूत पद्धत तयार केली, हेही सांगायला हवं. विज्ञान असंच पुढे जातं: आपलीच चाचणी आपणच फोडायची आणि मग दुरुस्त करायची.

फारवेल यांनी दुसरा रस्ता धरला. त्यांनी 'ब्रेन फिंगरप्रिंटिंग' नावाने पेटंटं घेतली, कंपनी काढली आणि जवळपास शंभर टक्के अचूकतेचे दावे केले. डोंचिन, म्हणजे त्यांचे एकेकाळचे मार्गदर्शक, आणि रोझेनफेल्ड दोघेही त्यांच्या दाव्यांशी सहमत नव्हते. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने २००१ मध्ये सीआयए, एफबीआय, संरक्षण खातं आणि सिक्रेट सर्व्हिस यांना विचारलं, तेव्हा आपल्या कामात याचा उपयोग होईल असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं, कारण फक्त गुन्हेगारालाच ठाऊक आहे असा तपशील हातात असलेली प्रकरणं मुळात थोडी असतात. एफबीआयच्या जुन्या फायलींची छाननी झाली होती, त्यातही हेच निघालं.

फारवेल यांच्या बाजूने नेहमी एक उदाहरण दिलं जातं: आयोवातले टेरी हॅरिंग्टन. १९७७ मधल्या एका खुनासाठी ते किशोरवयापासून तुरुंगात होते. २००० साली फारवेल यांनी त्यांची चाचणी घेतली आणि गुन्ह्याचे तपशील यांच्या मेंदूत नाहीत, असा निष्कर्ष काढला. २००३ मध्ये हॅरिंग्टन सुटले. 'मेंदूच्या चाचणीने निरपराध माणूस सोडवला,' असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. निकालपत्रात मात्र वेगळंच आहे. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली ती पोलिसांनी दुसऱ्या एका संशयिताबद्दलचे अहवाल बचाव पक्षाला दिलेच नव्हते म्हणून. मुख्य साक्षीदारानेही आपली साक्ष फिरवली होती. मेंदूच्या चाचणीचा विचार करायची न्यायालयाला गरज पडली नाही. हॅरिंग्टन सुटले याचा मला आनंदच आहे. पण दोन दशकांनंतर घटनास्थळाच्या तपशिलाला लाट उठली नाही, यावरून काय सिद्ध होतं? तुम्ही वीस वर्षांपूर्वी घाईघाईत ओलांडलेल्या एखाद्या मैदानात गवत होतं की खडी, हे तुमच्या मेंदूला आज सांगता येईल?

आता पुणे.

एका तरुणाला विषारी प्रसाद देऊन मारल्याचा आरोप एका एमबीएच्या विद्यार्थिनीवर होता. तिची 'बीईओएस' चाचणी मुंबईच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत झाली. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये काम केलेले मेंदूशास्त्रज्ञ चंपाडी रामन मुकुंदन यांनी विकसित केलेली ही पद्धत. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून तिला गप्प बसवलं आणि तिच्यासमोर प्रथमपुरुषी विधानं वाचली गेली: मी विष विकत घेतलं, मी त्याला भेटले, अशा धर्तीची. संगणकाने निष्कर्ष दिला की या गोष्टींचं तिला 'अनुभवजन्य ज्ञान' आहे. म्हणजे तिला नुसतं माहीत आहे असं नाही, तिने ते स्वतः केलं आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिला आणि तिच्या सहआरोपीला दोषी ठरवून जन्मठेप दिली, आणि निकालात या चाचणीला स्थान दिलं. न्यायालयासमोर इतरही पुरावे होते, आणि ती दोषी होती की निर्दोष, हे मी इथे बसून ठरवणार नाही. माझा आक्षेप त्या चाचणीवर आहे.

लिक्केन यांच्या पद्धतीचा कणा म्हणजे फक्त गुन्हेगाराला ठाऊक असलेलं गुपित आणि त्याच्याभोवतीचे समान पर्याय. इथे जे वाचलं जात होतं ती तपास अधिकाऱ्यांनी जुळवलेली गुन्ह्याची कहाणी होती. अटक झालेल्या, त्याच कहाणीवर पुन्हा पुन्हा चौकशी झालेल्या माणसाला त्यातली किती वाक्यं नवी असतील? आणि ती वाक्यं ऐकून तिच्या डोक्यात काही हललं, तर ती केल्याची आठवण, की शंभरदा झालेल्या आरोपाची? या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हा दावा पी-३०० वर आयुष्य घालवलेला रोझेनफेल्ड यांच्यासारखा संशोधकसुद्धा करत नाही. आठवणीवरचं संशोधन तर उलटं सांगतं. एखादा प्रसंग वारंवार कल्पनेत रंगवला तर तो घडल्यासारखा वाटू लागतो, हे एलिझाबेथ लॉफ्टस यांनी आणि इतरांनी कितीतरी प्रयोगांत दाखवलं आहे. इतका मोठा दावा करायचा तर इतर प्रयोगशाळांनी तो तपासून पाहायला हवा होता. त्या निकालाच्या वेळी अशी स्वतंत्र, समीक्षित पडताळणी झालेली नव्हती. निम्हान्सच्याच संचालकांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने त्याच वर्षी या चाचण्या अवैज्ञानिक ठरवल्या आणि त्यांचा वापर थांबवावा असं सुचवलं. पुढे त्या विद्यार्थिनीला मुंबई उच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला. चाचण्या थांबल्या नाहीत. २०२० च्या हाथरस प्रकरणातल्या आरोपींनाही सीबीआयने पॉलिग्राफ आणि बीईओएससाठी गांधीनगरला नेलं.

म्हणूनच जपान लक्षात ठेवा असं म्हटलं होतं. तिथे नळ्या आणि घामाचं जुनं यंत्र आहे, पण प्रश्न शास्त्रशुद्ध आहेत. पुण्याच्या प्रकरणात इलेक्ट्रोड, संगणक, रंगीत आलेख असं सगळं आधुनिक होतं, पण प्रश्न 'तू केलंस' या जुन्याच वळणावर गेलेला. या दोनांपैकी एकीला सामोरं जा म्हटलं, तर मी डोळे मिटून घामवाली निवडेन.

५ मे २०१० रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या चाचण्या कुणावरही संमतीशिवाय करता येणार नाहीत. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, या घटनेच्या कलम २०(३) मधल्या हक्काचा हा भाग आहे. संमतीने घेतलेल्या चाचणीचा निकालही थेट पुरावा होत नाही. त्यातून पुढे एखादी वस्तू वा माहिती सापडली तर तेवढीच पुराव्यात येऊ शकते. मला हा निकाल मनापासून पटतो. पण कोठडीतल्या माणसाच्या 'संमती'चं वजन किती? 'लपवायला काही नाही तर टेस्ट दे ना' असं पोलीस म्हणतात, टीव्हीवरचे निवेदक म्हणतात, आणि खरं सांगायचं तर आपल्या ग्रुपवरही म्हटलं जातं. नकार दिला की मथळा तयार: 'आरोपीचा ब्रेन मॅपिंगला नकार.' इथे पायाचे ठसे, सीसीटीव्ही, फोनच्या नोंदी, विषाची बाटली कुठून आली याचा माग, हे सगळं कष्टाचं काम मागे पडतं. सुंठीवाचून खोकला जावा ही इच्छा समजण्यासारखी आहे, पण इथे खोकला कुणा तिसऱ्याच्याच छातीत भरतो.

काही वाचक म्हणतील, मग काय, एवढी चांगली कल्पना टाकून द्यायची? अजिबात नाही. निरपराध माणसाला सोडवायला तिचा उपयोग पोलिसांपेक्षा बचाव पक्षाला जास्त व्हावा, असं मला वाटतं. पण मग ती तशी राबवायला हवी. गुन्हा उघडकीला आल्या दिवशी, कुणालाही अटक व्हायच्या आधी, घटनास्थळाचे निवडक तपशील वेगळे काढून सीलबंद करायचे. ते ना पत्रकारांना सांगायचे, ना चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांना. चुकीचे पर्याय गुन्ह्याशी काहीही संबंध नसलेल्या लोकांवर आधी तपासून घ्यायचे, म्हणजे खरा शब्द आपोआप उठून दिसत नाही ना हे कळेल. चाचणी घेणाऱ्यालाही खरा तपशील कोणता हे माहीत नसावं. जपानमध्ये चाचणी घेणारे लोक तपास पथकातले नसतात, पोलिसांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतले संशोधक असतात, आणि प्रश्नांसाठी तपशील शोधायला ते स्वतः घटनास्थळ पाहतात. यातल्या कशालाच महागडी टोपी लागत नाही. लागते ती तपासाची शिस्त, आणि पहिल्याच दिवशी पत्रकार परिषद घेऊन सगळं सांगून टाकण्याचा मोह आवरणं.

तुमच्यापैकी ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आहे त्यांना कधीतरी ज्युरी ड्यूटीचं पत्र येईल. एखाद्या दिवशी कुणी तज्ज्ञ तुमच्यासमोर मेंदूच्या लहरींचा आलेख ठेवून सांगेल की या माणसाला सगळं ठाऊक होतं. त्या वेळी यंत्र कुठल्या कंपनीचं, इलेक्ट्रोड किती, हे विचारण्यात वेळ घालवू नका. नेमके कोणते शब्द दाखवले ते विचारा, आणि त्यातला खरा शब्द चाचणीच्या आधी किती जणांच्या कानावर गेला होता, तेही विचारा.